दाराचे सरळ दांडे

"तडकली म्हणजे फुटली नाही, सिस्टर. फुटली असती तर आत्ता तुम्ही इथं उभ्या राहून माझ्याशी हुज्जत घालत नसता."

"हुज्जत कुठे घालतेय? विचारतेय."

"मग विचारा की. फक्त जरा डावीकडे सरकून विचारा, माझा उजेड अडतोय."

दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर डावीकडे सरकल्या. काचमामा स्टुलावर चढून खिडकीच्या चौकटीतलं जुनं सिलिकॉन पात्याने खरवडत होता. वादळात कुणाच्या तरी गच्चीवरची कुंडी उडत आली होती आणि थेट या काचेवर आदळली होती. काचेच्या मधोमध पांढरा डाग पडला होता आणि तिथून चारी बाजूंना कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा गेल्या होत्या. पण काच जागची हलली नव्हती. कुंडीचा चुरा खाली अंगणात पडला, घरात खडासुद्धा आला नाही.

काचमामाने बोटांची हाडं काचेवर वाजवली, कान लावला. डॉक्टरने छाती तपासावी तसं त्याचं हे नेहमीचं.

"ठप्प वाजतेय. म्हणजे आतला पडदा शाबूत आहे. दोन काचा, आणि मधे तो चिवट पडदा. काच मेली तरी पडदा तिला सोडत नाही. नवी येईपर्यंत हीच राखण करील. हिला धुवायला-बिवायला जाऊ नका फक्त."

सिस्टरना काचेची फारशी काळजी नव्हतीच. त्यांच्या मनात दुसरंच होतं, आणि ते विचारल्याशिवाय त्यांना राहवेना.

"तुमच्या बहिणीचं दार उडालं म्हणे."

पातं थांबलं.

"तेही तुम्हीच बसवलेलं ना?"

"मीच."

"आणि आमचं पुढचं दार?"

"तेच. त्याच बनावटीचं, त्याच स्क्रूंनी बसवलेलं."

"मग ते कसं उडालं?"

काचमामाने पातं विजारीला पुसलं. "बघायचंय अजून," तो म्हणाला.

सिस्टरचा सगळा जन्म दुखणाइतांत गेला होता. कुठे दुखतंय ते सांगायची वेळ आली की माणूस भिंतीकडे बघायला लागतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी पुढे विचारलं नाही. काचमामाने खिडकीचं माप घेतलं, परत घेतलं, खात्री झालेली असताना आणखी एकदा घेतलं, आणि स्टूल उचलून निघाला.

काचमामा हे नाव त्याला आक्काच्या पोरींनी दिलं. आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. तिच्या पोरी मामा मामा करत त्याच्या मागे हिंडायच्या, ते ऐकून गल्लीतली पोरं मामा म्हणायला लागली, मग त्यांचे बाप, आणि शेवटी बापांचे बापही. त्याची बायको म्हणायची, "लग्न एका माणसाशी केलं आणि सगळ्या गावाची मामी होऊन बसले. काठी टेकत येणारा म्हातारा मला मामी म्हणतो, तेव्हा मला माझंच वय आठवेनासं होतं."

बाप काच कापायचा. आरसे, फोटोच्या चौकटी, घरांच्या खिडक्या. दुकान एवढंसं, त्यात एक लाकडी मेज, मेजावर घोंगडी आणि घोंगडीवर काच. बाप हिऱ्याची कणी बसवलेल्या हिरकणीने रेघ मारायचा, मेजाच्या कडेला काच टेकवायचा आणि हलकेच दाबायचा. बिस्कीट मोडावं तशी काच मोडायची. त्या काळी खिडकीची काच पातळ असायची. वादळ येणार म्हटलं की लोक काचेवर कागदाच्या पट्ट्या फुलीसारख्या चिकटवायचे आणि खाटेखाली जाऊन बसायचे. अशाच एका वादळात बाप बाहेर अडकला होता आणि आई शेजारच्या खोलीत गळकं छप्पर बघत होती. दोन्ही पोरं मेजाखाली. खिडकी फुटली तेव्हा आक्काने अंगावरची गोधडी भावावर टाकली. तिच्या भुवईत एक तुकडा घुसला. ती खूण अजून आहे. आक्का भुवई उंचावते तेव्हा ती अर्धीच वर जाते, आणि समोरच्याला वाटतं, बाई आपल्यावर संशय घेतेय.

पुढे बापाचं दुकान त्याच्याकडे आलं, आणि वादळाची काच बाजारात आली तेव्हा गावात सगळ्यात आधी तो तिच्या नादी लागला. नादीच लागला म्हणायचं. पहिल्यांदा सासुरवाडीला गेला तेव्हा सासऱ्याशी बोलता बोलता उठला आणि त्यांच्या खिडकीची सैल पट्टी अंगठ्याने दाबून बसवली. सासू आत जाऊन म्हणाली, माणूस कामाचा आहे, पण डोक्याने बरा आहे ना तेवढं विचारा.

त्या काचेचं दार बसवून झालं की त्याची एक रीत होती. घरातल्या सगळ्यांना ओळीने उभं करायचा आणि प्रत्येकाकडून दार लावून घ्यायचा. हे दार नुसतं ओढून किल्ली फिरवली की बंद झालं असं होत नाही. आधी हँडल वर करायचं. वर केलं की दाराच्या पोटातले दोन पोलादी दांडे सरकतात, एक वर चौकटीत, एक खाली उंबऱ्यात. मग किल्ली. हँडल वर न करता किल्ली फिरवली तर दार लागल्यासारखं दिसतं, पण नुसतं दिसतंच. "हँडल वर, मग किल्ली," हे तो घरातल्या सगळ्यांकडून घोकून घ्यायचा, अंथरुणाला खिळलेल्या माणसालासुद्धा सोडायचा नाही. आणि शेवटी सांगायचा, "वारा सुरू असेपर्यंत उघडायचं नाही. हे दार बाहेर उघडतं. बंद असेल तर वारा ढकलील तेवढं ते चौकटीत जास्त घट्ट बसतं. पण वितभर जरी उघडलंत, तर तोच वारा त्याच्या पाठीमागे शिरतो. मग ते तुमचं राहत नाही."

या परीक्षेत सगळ्यात हुशार निघाले ते दाजी, आक्काचे यजमान. बस डेपोत मेकॅनिक. यंत्र म्हटलं की हात शिवशिवणार. काचमामाने स्वतःच्या हिमतीवर बसवलेलं पहिलं दार आक्काच्याच घरचं. तेव्हा दाजींनी एका दमात हँडल, दांडे, किल्ली सगळं करून दाखवलं आणि वर काचमामाला विचारलं, दांड्याला तेल कोणतं घालू. त्यानंतर किती तरी वर्षं काचमामा गिऱ्हाइकांना सांगायचा, आमच्या दाजींसारखं दार लावता आलं पाहिजे.

आणि नेमकं त्यांचंच दार उडालं.

वादळ आलं त्या दुपारी त्याने आक्काला फोन केला होता. वारा नुकता उठत होता. बोलून झाल्यावर तो नेहमीसारखं म्हणाला, "काळजी करू नको. फारच वाढलं तर मी येतो." मग रस्त्यावर झाड आडवं झालं, तारा तुटल्या, आणि तो बायकोला घेऊन स्वतःच्या जिन्याखाली बसून राहिला. दुसऱ्या दिवशी चिखल तुडवत आक्काकडे पोचला तेव्हा दाजी दवाखान्यात होते, हात खांद्यापाशी मोडला होता. घरात गुडघाभर कचरा. मागच्या खोलीचा पत्रा उडून गेलेला. आक्का ज्या मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची ते मशीन भिजून निकामी झालेलं, आणि शिवून ठेवलेल्या कपड्यांचा लगदा कोपऱ्यात पडलेला. दार अंगणात पालथं होतं.

दार उलटं करून बघायला एक क्षण लागला असता. त्याने ते केलं नाही. भिंतीतले स्क्रू उपटून आले असतील, तर चूक त्याच्या हाताची. आणि ज्या हाताने हे दार बसवलं, त्याच हाताने सिस्टरचं बसवलं होतं, कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं बसवलं होतं, अर्ध्या गावाचं बसवलं होतं. ती सगळी माणसं त्या दारांच्या भरवशावर पुढच्या वादळात घरात बसणार होती. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की झोपायचं कसं? म्हणून बघितलंच नाही. कामाला जुंपून घेतलं. दाजी घरी आले, त्यांनी फोनवर सांगितलं की दाराचं राहू द्या, सध्या फळी ठोकलीय, तुम्हाला कामं असतील. हा लगेच म्हणाला, हो, कामं फार आहेत. दोघांनाही सुटल्यासारखं वाटलं. आक्काने फोन घेतला नाही.

सिस्टरकडून घरी आल्यावर तो जेवायला बसला. बायको म्हणाली, "सगळ्या गावाची दारं ठोकून बघता. सख्ख्या बहिणीचं अंगणात पालथं पडलंय. त्यावर आता गवत उगवायचं."

"उद्या जातो."

"उद्या कशाला? सकाळी म्हणा. उद्या म्हटलं की तुमची संध्याकाळ होते."

तो सकाळीच गेला.

आक्का पडवीत बसून कुणाकडून तरी मागून आणलेल्या हाताच्या मशीनवर कसली तरी दुमड मारत होती. एका हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्याने कापड सारायचं; असं शिवताना तिच्या कपाळावर आठी पडत होती. भावाला बघून ती म्हणाली, "ये." आणि चाक फिरवत राहिली. ती चिडली की भांडी आपटत नाही, बोलतही नाही. नुसतं काम करते, आणि तिचं ते काम बघत उभं राहणं म्हणजे शिक्षा असते.

दाजी आतून आले, हात झोळीत अडकवलेला. "या, मेव्हणे. कशाला त्रास घेतलात?"

पडवीच्या टोकाला दाजींची आई बसली होती. म्हातारीला कमी ऐकू येतं, त्यामुळे ती स्वतः मोठ्याने बोलते. तिची कुजबुज गल्लीच्या पलीकडे जाते. काचमामाला बघितल्यावर तिचा चेहरा उजळला. "आलास का रे? त्या दिवशी दारावर एवढा बडवत होतास, आणि मग आत न येताच कुठे पळालास?"

"मी? मी कुठे आलो होतो, मावशी?"

"नाही कसा? मेव्हणा आला, मेव्हणा आला म्हणून हा धावला की."

"तिचं काही मनावर घेऊ नका," दाजी घाईघाईने म्हणाले. "वादळापासून तिचं असंच चाललंय. काल म्हणाली, माझे वडील येऊन गेले." आक्कानेही मान न उचलता सांगितलं की सासूबाईंचं डोकं जरा फिरलंय, रोज सगळ्यांना हेच सांगतात. म्हातारीला यातलं काही ऐकू आलं नाही. ती प्रसन्नपणे हसत राहिली.

काचमामा अंगणात उतरला. आधी दार नाही बघितलं; आधी चौकट बघितली. फळी काढली, चौकटीला खांदा लावून जोर दिला. चौकट भिंतीत घट्ट होती. एकही स्क्रू हललेला नव्हता. त्याने वरचं भोक बोटाने चाचपलं, मग गुडघ्यावर बसून उंबऱ्यातलं भोक बघितलं. दांडे जोराने उपटले असते तर या भोकांच्या कडा फाटल्या असत्या, निदान खरवडल्या असत्या. दोन्ही भोकं बसवलेल्या दिवसासारखी गोल होती.

चूक त्याच्या हाताची नव्हती. पण लगेच दुसरंच काही तरी डोक्यात आलं, आणि तो उठून दाराकडे गेला. कड धरून त्याने दार उलटं केलं. खाली मुंग्यांनी घर केलं होतं. बिजागऱ्या पिळवटून तुटल्या होत्या. दारातली दुधी काच जाळी-जाळी झाली होती, पण फाटली नव्हती. दांडे बाहेर दिसत नव्हते. त्याने हँडल धरून वर केलं. टक आवाज झाला आणि दाराच्या दोन्ही टोकांतून दोन दांडे बाहेर आले. तेल घातलेले, चकचकीत, सुतासारखे सरळ.

तो त्या दांड्यांकडे बघत उकिडवा बसून राहिला.

बंद दार वाऱ्याने उपटलं असतं तर हे दांडे वाकले असते. हे वाकायला बाहेरच आले नव्हते. दार आतून कुणी तरी उघडलं होतं, आणि उघडल्यावर वाऱ्याने नेलं होतं. वारा घरात शिरला, त्याला बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून त्याने मागचा पत्रा उचलला. सगळं उलगडलं. आधी त्याचा जीव भांड्यात पडला. सिस्टरचं दार, दुकानदाराचं दार, सगळी दारं डोळ्यांसमोरून गेली आणि प्रत्येक आपापल्या चौकटीत नीट बसली. मग त्याला राग आला. इतके दिवस गाव त्याच्या नावाने बोटं मोडत होतं, आक्का तोंड फिरवून बसली होती, आणि या माणसाला सगळं ठाऊक होतं.

"दाजी," त्याने हाक मारली, "जरा इकडे या. टेपचं टोक धरायला एक चांगला हात हवाय."

दाजी आले. दाराच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत टेप लावून दोघांनी माप घेतलं, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांचं. दोन्ही मापं सारखी आली; दार वेडंवाकडं झालं नव्हतं. दाजींची नजर मात्र टेपवर नव्हती. ती दांड्यांवर होती. मेकॅनिक माणूस, त्यांना सांगायला कशाला लागतंय.

"दार कुणी उघडलं, दाजी?" काचमामाने हळूच विचारलं. पडवीत आक्काचं चाक खडखडत होतं.

दाजी म्हणाले, "कुणी तरी दारावर धडका मारत होतं. थांबतच नव्हतं. बायको आत स्वयंपाकघरात होती, दारापाशी आई आणि मी. मला वाटलं, तुम्ही आलात."

"मी?"

"येतो म्हणाला होतात ना. बाहेर तसलं वारं, तुम्ही भिजत उभे, आणि मी आत हँडल वर करून बसू? माझ्याच्याने ते झालं नाही."

"मग कोण होतं?"

"शेजारच्या गोठ्याचा पत्रा. एका खिळ्यावर लोंबकळत दारावर आपटत होता." दाजींनी नाकाने हसल्यासारखं केलं. "दारासकट पायऱ्यांवर पडून त्याच्यासाठी हात मोडून घेतला."

काचमामाने चिडायची सगळी तयारी केली होती आणि आता ती कुठे ठेवायची ते कळत नव्हतं.

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

"काय सांगू? घरातलं मशीन गेलं, पत्रा गेला, ते माझ्यामुळे? आणि का उघडलं विचारलं असतं तर तुमचं नाव आलं असतं. म्हणजे बायको तुमच्यावरही उखडली असती. म्हटलं, दारावर ढकलू. दार काही उलटून बोलत नाही."

"दार नाही बोलत. मला लोक बोलतात."

दाजींनी मान खाली घातली. म्हणाले, तिला सांगू नका. काचमामाने सांगितलं की तो सांगणार नाही. तसा तो शब्दाचा पक्का. पण तोंड बंद ठेवायचं एकदा ठरवल्यावर त्याच्या हातातलं सगळं आपटत होतं: आधी पाना पडला, मग स्क्रूंची डबी सांडली.

नव्या बिजागऱ्या त्याने पिशवीतून आणल्याच होत्या. त्या बसवल्या. आता दार उचलून चौकटीत टेकवायचं होतं, आणि ते एकट्याचं काम नव्हतं. दाजींनी कुंपणावरून कोपऱ्यावरच्या दुकानदाराला हाक मारली. दुकानदार मनाचा सरळ आणि तोंडाचा सैल माणूस. सकाळी त्याला सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत नदीपलीकडे पोचते. तो हात पुसत आला आणि आल्या आल्या म्हणाला, "काय मामा, परत उडवायला बसवताय का?"

काचमामाने दार धरलं. "तुम्ही खालून धरा. बोटं सांभाळा."

दोघांनी दार उचललं. दुकानदाराचा श्वास फुलला, पण तोंड काही थांबलं नाही. म्हणाला, या दारांचा आता कुणालाच भरवसा राहिला नाही. त्याने स्वतःच्या दारावर आतून जाड फळ्या ठोकायचं ठरवलं होतं, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि मागच्या दारावरही. घरात लहान पोरं आहेत, धोका कोण पत्करणार. सुताराला सांगून झालं होतं. उद्या येणार होता.

काचमामाच्या डोळ्यांपुढे ते घर उभं राहिलं. दोन्ही दारं आतून खिळ्यांनी ठोकलेली, आत बायको, लहान पोरं, पेटलेली मेणबत्ती. पाणी चढलं किंवा पडद्याने पेट घेतला तर ती माणसं बाहेर पडणार कुठून? त्याने तोंड उघडलं. दाजींकडे बघितलं. तोंड मिटलं. बिजागरीत खिळी घातली, हातोडीने ठोकली, आणि ती गरजेपेक्षा जास्त ठोकली.

"फळ्या नको ठोकूस," दाजी म्हणाले.

"का? तुमचं दार..."

"माझं दार वाऱ्याने उघडलं नाही. मी उघडलं." दाजींनी हे इतकं मोठ्याने म्हटलं की म्हातारीलाही ऐकू गेलं असावं. "हँडल खाली केलं, दार ढकललं, मग गेलं. लावलेलं असतं तर अजून जागेवर असतं. हे बघ दांडे. वाकलेत का कुठे?"

दुकानदाराने दांडे बघितले. काचमामाने त्याला चौकटीतली भोकं दाखवली, बोट घालायला लावलं. पडवीतलं चाक थांबलं होतं.

आक्का पायऱ्या उतरून आली. तिच्या हातात दुमडीचं कापड तसंच होतं. "कशाला उघडलंत?" तिने नवऱ्याला विचारलं.

"तुझा भाऊ आलाय असं वाटलं."

"तेच सांगतेय ना मी," म्हातारी पडवीतून ओरडली. "कुणी ऐकतच नाही माझं."

आक्काने एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा भावाकडे. अर्धी भुवई वर गेली. काचमामाला वाटलं, आता दाजींची खैर नाही. पण ती भावाकडे वळली.

"तू येतो म्हणाला होतास."

"रस्त्यात झाड पडलं होतं, आक्का."

"ते नाही विचारत मी. समज, झाड पडलं नसतं. तू खरंच आला असतास. मग आत आला असतास कुठून?"

काचमामाने हातोडी खाली ठेवली.

"दारातूनच ना? म्हणजे यांनी तुझ्यासाठी दार उघडलंच असतं. आणि ते गेलंच असतं. फक्त एकाच्या जागी दोघे जण पायऱ्यांवर पडले असते." तिने हातातलं कापड खांद्यावर टाकलं. "साऱ्या गावाला सांगतोस, काही झालं तरी दार उघडू नका. आणि आम्हाला सांगतोस, मी येतो. तू काय नळातून येणार होतास?"

दुकानदार हसला आणि लगेच खोकला. काचमामाला हसू येईना. आयुष्यात किती दारांपाशी उभं राहून त्याने ती सूचना घोकून घेतली होती, आणि प्रत्येक वादळाआधी आक्काला केलेल्या फोनचा शेवट 'मी येतो' असाच केला होता. माया दाखवायची त्याची तीच तऱ्हा होती. तिच्यात त्याचंच दार आडवं येतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आक्काच्या आलं, तेही मशीनचं चाक फिरवता फिरवता.

"चुकलं," तो म्हणाला.

"चुकलं तर चुकलं. यांचंही चुकलं. माझंही थोडं चुकलं, इतके दिवस तुझा फोन घेतला नाही." ती पायऱ्या चढायला लागली. "चहा टाकते. दार नीट बसव, म्हणजे त्या फळीची मला मशीनखाली बैठक करता येईल. आणि अहो, तुम्ही उभे काय राहिलात? आईंना सांगा, डोकं फिरलंय म्हणत होतो ते परत घेतलं म्हणून. मोठ्याने सांगा."

दाजींनी आईजवळ जाऊन मोठ्याने सांगितलं. म्हातारीने ऐकून घेतलं आणि विचारलं, मग माझे वडील आले होते त्याचं काय. ते कुणालाच परत घेता आलं नाही.

दार बसलं; नवी येईपर्यंत काच तीच राहणार होती. काचमामाने जुन्या रिवाजाने सगळ्यांना ओळीत उभं केलं, दुकानदारालाही. आक्काने दार लावलं, दाजींनी एका हाताने लावलं, म्हातारीने दोन्ही हातांनी हँडल वर केलं आणि दांड्यांचा आवाज आला की नाही ते नातसुनेसारखं लाजत सगळ्यांना विचारलं. दुकानदार किल्ली फिरवून निघाला तो थेट सुताराच्या घराकडे. दुपारी काचमामा परतताना वाटेत भेटलेल्या दोघांनी त्याला विचारलं, दार मेव्हण्यासाठी उघडलं होतं म्हणे? तो नुसतं हो म्हणाला.

सिस्टरची नवी काच आली तेव्हा त्याने ती रबरी पकडींनी उचलून चौकटीत टेकवली, कडेने सिलिकॉन भरलं, पट्ट्या अंगठ्याने दाबत गेला. प्रत्येक पट्टी बसली की बारीकसा आवाज यायचा. सिस्टर या वेळी आपणहून डावीकडे उभ्या होत्या. त्यांना सगळं कळलंच होतं. गावात अजून न कळलेलं कुणी उरलं नव्हतं. तरी त्याने त्यांना पुढच्या दारापाशी नेलं आणि हँडल वर करायला लावलं. दांडे सरकले, किल्ली फिरली.

"आता पुढचं ऐका. वारा सुरू असेपर्यंत उघडायचं नाही. कुणी बडवलं तरी नाही. मी बडवलं तरी नाही."

"तुम्ही स्वतः आलात तरी?"

"मी तर येणारच नाही. आलोच तर तो मी नव्हे असं समजा."

"आणि नाव सांगितलंत तर?"

"तर म्हणा, मामा, घरी जा."

सिस्टर हसल्या. त्यांनी हँडल खाली करून बघितलं, परत वर केलं, परत किल्ली फिरवली. आता त्यांना ते आवडायला लागलं होतं. काचमामाने त्यांना तिथंच सोडलं. आत येऊन नव्या काचेवर बोटांची हाडं वाजवली, कान लावला, चौकटीवर पाणसळ ठेवून तिचा बुडबुडा मधे येईपर्यंत वाट बघितली, आणि मग स्टूल उचलून पुढच्या खिडकीखाली ठेवलं.